डॉक्टरांनाही आरोपी करणारं मुलांचं कोर्ट

आरोपी मुलं आणि न्यायाधीशही मुलंच! साधारण 100 वर्षांपूर्वी पोलंडमधल्या एका अनाथाश्रमात असं कोर्ट खरंच चालायचं. ते सुरू केलं यानुश कोर्चाक यांनी.

कोण होते कोर्चाक?

मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. वॉर्सातल्या ज्यू कुटुंबात जन्म. मुलांचे डॉक्टर आणि नावाजलेले लेखक. 1912 मध्ये त्यांनी दवाखाना सोडला आणि ज्यू मुलांचा अनाथाश्रम चालवायला घेतला.

कोर्ट कसं चालायचं?

मारामारी असो की चोरी, तक्रार कुणीही करू शकत होतं. त्या आठवड्यात ज्यांच्यावर खटला नाही, अशा मुलांमधून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जायचे. मोठी माणसं फक्त नोंदी ठेवायची.

नियमावलीतली पहिली 99 कलमं सोडून देण्याची किंवा माफीची होती. 100 पासून दोष नोंदवला जाई. शेवटचं कलम 1000, म्हणजे आश्रमातून हकालपट्टी. बहुतेक निकाल माफीचेच लागायचे.

सगळं सुरळीत होतं असं नाही. मुलं ऊठसूट तक्रारी करू लागली, तेव्हा कोर्ट काही आठवडे बंद ठेवावं लागलं. नंतर ते पुन्हा सुरू झालं. खुद्द कोर्चाक सहा महिन्यांत पाच वेळा आरोपी होते. एकदा मुलाला थप्पड मारली म्हणून, एकदा मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून.

शेवट

नाझींनी आश्रम घेट्टोत हलवायला लावला. तिथे जुलै 1942 मध्ये मुलांनी टागोरांचं ‘डाकघर’ नाटक केलं. ऑगस्टमध्ये सुमारे 200 मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. कोर्चाक यांना सुटायची संधी होती. ते मुलांसोबतच गेले.

आपल्याशी काय संबंध?

1978 मध्ये पोलंडनेच संयुक्त राष्ट्रांत बालहक्क कराराचा प्रस्ताव मांडला. 1989 मध्ये करार मंजूर झाला, 1992 मध्ये भारतानेही तो स्वीकारला. आपला 2015 चा बाल न्याय कायदा याच कराराचा आधार घेतो.

म्हणून आज रामटेकच्या एखाद्या मुलानं पहिल्यांदा सायकल चोरली, तर प्रकरण नेहमीच्या कोर्टात जात नाही. ते जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढे येतं. तिथे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन किंवा समाजसेवा, असा आदेश ते देऊ शकतात.

त्या मंडळात त्याच्या वयाचं मात्र कुणीच नसतं. मुलांच्या हाती न्याय दिला तर ती निष्ठुर होतील, अशी भीती आपल्याला वाटते. कोर्चाक यांच्या कोर्टातल्या नोंदी वेगळंच सांगतात.