शेवटच्या दिवसांची सोबतीण: डॉ. सिसिली सॉन्डर्स

घरात कुणाला कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी आता पेशंटला घरी न्या म्हणून सांगितलं, की सन्नाटा पसरतो. दुआ चालू असते, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. पण मध्यरात्री वेदनेने तळमळणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते कुणालाच कळत नाही. याच प्रश्नासाठी डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी आपली सारी जिंदगी घातली.

त्यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनजवळच्या बार्नेट इथे, सुखवस्तू घरात झाला. महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डचं शिक्षण थांबवून त्या नर्स झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सुटलं, तेव्हा त्यांनी रुग्णालयातच समाजसेविकेचं काम धरलं. तिथे १९४७ मध्ये त्यांना डेव्हिड टास्मा भेटले. वॉर्साहून आलेले ज्यू, वय चाळिशीच्या आसपास, पोटात कॅन्सर आणि परक्या शहरात जवळचं कुणी नाही. मरणाऱ्याला एकटं वाटणार नाही असं एखादं घर असावं, यावर दोघं तासन्‌तास बोलत. १९४८ मध्ये टास्मा वारले. त्या घराची एक खिडकी आपली असावी म्हणून त्यांनी ५०० पौंड मागे ठेवले.

नर्सचं कोण ऐकणार? म्हणून एका सर्जनच्या सल्ल्यावरून सिसिली वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या आणि १९५७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. तेव्हा वेदना असह्य झाल्यावरच मॉर्फिन देत, तोवर पेशंट घड्याळाकडे डोळे लावून बसे. सिसिलींनी वेदना उसळण्याआधीच, मोजून आणि ठरावीक वेळेला डोस द्यायला सुरुवात केली. पेशंट गुंगीत न पडता घरच्यांशी बोलू लागले. दुखणं फक्त शरीराचं नसतं, हेही त्यांनी डॉक्टरांना शिकवलं. मुलांची काळजी, पैशाची चिंता, एकटेपणा आणि रूहची बेचैनी, सगळं त्यात असतं.

१९६७ मध्ये लंडनच्या सिडनहॅम भागात सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. टास्मांची खिडकी तिथे आहे. दोन वर्षांत घरी जाऊन सेवा देणंही सुरू झालं. सिसिली स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन होत्या, पण दार सगळ्यांसाठी खुलं होतं. मरण लवकर आणण्याला त्यांचा ठाम विरोध होता. १४ जुलै २००५ रोजी कॅन्सरनेच, आणि याच हॉस्पिसमध्ये, त्यांचा इंतकाल झाला.

हे काम आपल्याकडेही पोहोचलं आहे. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून चालू आहे.

आम्हाला वाटतं, त्यांच्या आयुष्यातून आपण एवढं तरी घ्यावं. मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरू नये, डॉक्टरांना नीट विचारावं. दीनच्या बाजूने शंका असेल तर आलिमांना विचारावं. वेदना सोसायला लावणं म्हणजे सब्र शिकवणं नव्हे. इयादत आपल्याकडे सुन्नत आहे. पण पाच मिनिटं बसून, फळांची पिशवी ठेवून उठलं म्हणजे ती संपली असं नाही. पेशंटला काय दुखतंय, कुणाला भेटायचंय, मनात काय राहिलंय, हेही विचारावं. आणि मग थोडा वेळ शांत बसून ऐकावं.