न दिसणाऱ्या प्रकाशाचा शोधक : योहान रिटर

विद्यार्थी मित्रहो, ढगांवर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा बराचसा भाग परत अवकाशात जातो. त्यातील काही किरण आपल्या डोळ्यांना कधीच दिसत नाहीत. त्यांना जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतात. त्यांचा शोध लावणाऱ्या योहान विल्हेल्म रिटर यांचे चरित्र तुम्ही अवश्य वाचावे असे आहे.

रिटर यांचा जन्म १६ डिसेंबर १७७६ रोजी सायलेशियात झाला. हा भाग आज पोलंडमध्ये आहे. वडील धर्मोपदेशक होते. लहान वयातच रिटर यांना एका औषधे बनविणाऱ्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. तेथे त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली आणि १७९६ साली ते जर्मनीतील येना विद्यापीठात दाखल झाले.

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे उष्णता देणारे अदृश्य किरण असल्याचे दाखविले. मग जांभळ्या टोकापलीकडेही काही असेल काय, असा प्रश्न रिटर यांना पडला. सिल्व्हर क्लोराइड प्रकाशाने काळे पडते. १८०१ साली त्यांनी ते लावलेला कागद वर्णपटात धरला. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते, तेथेच तो सर्वांत लवकर काळा पडला!

१८०४ साली म्युनिकच्या विज्ञान अकादमीने त्यांना बोलाविले. परंतु विजेचे प्रयोग ते स्वतःच्याच शरीरावर, अगदी डोळ्यांवर व जिभेवरही करीत. प्रकृती खालावली, पैशांची ओढाताण होतीच. २३ जानेवारी १८१० रोजी, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर १६८ वर्षांनी, १९७८ साली, अमेरिकेने निंबस-७ हा उपग्रह सोडला. त्यावरील ‘टॉम्स’ हे उपकरण १९९३ पर्यंत पृथ्वीवरून परतणारे जंबुपार किरण मोजत होते. मुख्य काम ओझोन मोजण्याचे. पण ३८० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण ओझोन जवळजवळ शोषत नाही. या किरणांत बर्फ सोडल्यास जमीन व समुद्र काळपट दिसतात, ढग मात्र उजळ दिसतात. त्यामुळे ढगांनी किती किरण परतविले आणि किती खाली पोहोचू दिले, याचा हिशेब मांडता येतो. हे किरण त्वचेला, डोळ्यांना व पिकांना अपाय करू शकतात, म्हणून हा हिशेब महत्त्वाचा.

पालकहो, मुलाने पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नका. आणि विद्यार्थी मित्रहो, रिटर यांची जिज्ञासा जरूर घ्या. पण त्यांनी प्रकृतीची जी हेळसांड केली, ती मात्र घेऊ नका. तेहतीस वर्षांत एवढे करणाऱ्या माणसाला आणखी तीस वर्षे मिळती तर काय झाले असते, याचा विचार करा.