औंधच्या राजाची बिनखर्चाची तालीम



घरात व्यायामशाळा करायची म्हटले की पहिला प्रश्न खर्चाचा येतो आणि दुसरा जागेचा. दोन खोल्यांच्या घरात यंत्रे ठेवायची कुठे, आणि पैसे आणायचे कुठून? ज्यांना पैसा आणि जागा या दोन्हींची ददात नव्हती अशा एका माणसाने या प्रश्नाचे उत्तर शोधले होते. म्हणून या अंकात आम्ही त्यांचीच ओळख करून देत आहोत.

औंध म्हणजे पुण्याचे नव्हे, सातारा जिल्ह्यातले. यमाईच्या डोंगराखालचे हे गाव एका छोट्या संस्थानाची राजधानी होते. तेथील राजघराण्यात 24 ऑक्टोबर 1868 रोजी भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म झाला. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. चित्रकला आणि कीर्तन हे त्यांचे आवडीचे विषय.

त्या काळी युजीन सँडो या युरोपातील बलवानाचे नाव जगभर गाजत होते. 1897 च्या सुमारास बाळासाहेबांनी सँडोची पुस्तके आणि व्यायामाची साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे नेमाने त्या पद्धतीचा व्यायाम केला. पुढे 1908 साली मिरजेच्या पटवर्धन अधिपतींचे पाहून ते सूर्यनमस्काराकडे वळले. दहा वर्षांची सवय मोडून, आपल्याच आजीआजोबांच्या अंगणातला व्यायाम नव्याने शिकायला त्यांना कमीपणा वाटला नाही. 1909 साली ते गादीवर आले. राजा झाल्यावरही नमस्कार सुटले नाहीत.

त्यांच्या व्यायामशाळेला लागत होते काय? अंथरायला एक सतरंजी, हातपाय पसरता येतील एवढी जमीन आणि सकाळची वेळ. बस्स! त्यांनी आपल्या पद्धतीत दहा अंक ठरवले. आज बहुतेक ठिकाणी बारा स्थिती शिकवतात, पण हालचाल तीच. त्यांच्या राजवाड्यात स्त्रियाही नमस्कार घालीत. संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. 1938 साली लंडनहून त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि औंधचा व्यायाम साहेबाच्या घरात पोहोचला.

बाळासाहेब केवळ व्यायामात रमले नाहीत. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना येथील जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेबांनीच त्यांना औंधला काम दिले. पुढे 1910 साली कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, ती आजची किर्लोस्करवाडी. 1939 साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना दिली. त्याच सुमारास आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. 13 एप्रिल 1951 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता थोडे स्पष्ट बोलू. नमस्काराने पुष्कळ रोग बरे होतात अशी बाळासाहेबांची श्रद्धा होती. आजचे वैद्यकशास्त्र एवढे म्हणत नाही. ज्यांना पाठीचा किंवा मनगटाचा त्रास आहे, रक्तदाब आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. शिवाय नमस्कारात हात जमिनीवर रेटायचे असतात, काही ओढायचे नसते. ती उणीव भरून काढायला दाराच्या भक्कम चौकटीत किंवा अंगणात लोंबकळण्यासाठी एक पक्का बार बसवावा. एक लिटरच्या दोन बाटल्यांत कोरडी वाळू भरली की प्रत्येकी सुमारे दीड किलोचे डंबेल्स तयार. त्यात उडी मारायची दोरी घातली की घरची तालीम पूर्ण झाली. बार मात्र मोठ्या माणसाने आधी स्वतः लोंबकळून तपासावा.

पालकांना आमची एक विनंती आहे. मुलाने हट्ट केला म्हणून महागडे यंत्र घेऊ नका. पुष्कळ घरांत अशा यंत्राचा शेवटी कपडे वाळवायला उपयोग होतो. आधी तीन महिने सतरंजी टाका आणि मुलाबरोबर स्वतःही उभे राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे अंगमेहनत हवी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा. शाळेचा खेळाचा तास त्याला पुरत नाही. बाकीचा वेळ घरातूनच काढायला हवा.

विश्वस्तांनाही आमचे सांगणे आहे. शाळेत आधुनिक व्यायामशाळा होईल तेव्हा होवो. तोवर खेळाचा तास गणिताला किंवा जादा वर्गाला देऊ नये. त्याला एक पैसाही लागत नाही.

औंधच्या राजाला हवी ती यंत्रे घेता आली असती. तरी आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी नमस्काराचाच प्रसार केला. मुलांनो, उद्या सकाळी पाच नमस्कारांनी सुरुवात करा. परवा सहा घाला. संख्या हळूहळू वाढेल, नेम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा.