धन्यवादित थॉमस तोलेंतिनो

९ एप्रिलला आपण धन्यवादित थॉमस यांचे स्मरण करतो. पेत्र व योहान यांना जेरुसलेमच्या धर्मसभेने गप्प बसवू पाहिले; थॉमस यांना तर आधी स्वकीयांनीच. इटलीतील तोलेंतिनोचे हे फ्रान्सिस्कन बंधू. दारिद्र्याचे व्रत काटेकोर पाळावे असा त्यांचा आग्रह होता, म्हणून संघाच्या वरिष्ठांनी त्यांना तुरुंगात टाकले. १२९० च्या सुमारास सुटका झाल्यावर त्याच संघातर्फे ते आर्मेनियात सुवार्ता सांगायला गेले. पुढे पूर्वेकडे जाताना ते आपल्या ठाण्याला उतरले. तेथे काझींनी श्रद्धेविषयी प्रश्न केले. थॉमस यांनी उत्तर टाळले नाही. १३२१ साली सोबत्यांसह त्यांना ठार करण्यात आले. बंधू जॉर्डन यांनी त्यांचे सोपाऱ्याला दफन केले.

आपल्या धर्मग्रामात कोणी खरे पण अप्रिय बोलले, तर आपण ऐकतो की त्याला गप्प करतो? याचा विचार करू या.