वारशाचे वैभव आणि श्रीहरिपाळदेव

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे पूर्वचरित्र लीळाचरित्राच्या एकांक भागात आले आहे. १३ व्या शतकात भरवस, म्हणजे आजचे भडोच, येथे प्रधान विशाळदेवांच्या घरी ते पुत्र म्हणून नांदत होते. नाव हरिपाळदेव. त्यांच्या निष्प्राण देहात श्रीचांगदेव राऊळांनी प्रवेश केला, अशी पंथाची धारणा आहे.

राजद्वारी मान होता, घरी विपुल द्रव्य होते. परंतु ते सारे पित्याच्या पदाने आलेले होते. हरिपाळदेवांना द्यूताचा छंद होता. एकदा ते फार हरले. देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसा हिच्याकडे अलंकार मागितले; तिने ते दिले नाहीत. देणे पित्याने फेडले, पण पुत्राचे मन संसारातून उठले. ज्या द्रव्याला आपण आपले म्हणतो, ते मिळण्यासाठी दुसऱ्याची अनुमती लागते, हे त्या एका नकाराने उघड झाले. कमळाइसेला दोष देण्याचे कारण नाही. तिने केवळ झाकलेले पारतंत्र्य दाखविले.

पुढे त्यांनी रामटेकच्या यात्रेची इच्छा धरली. पित्याने प्रथम रुकार दिला नाही. दिला तेव्हा लवाजमा सोबत पाठविला. तो लवाजमा म्हणजे वारशाचाच लांबलेला हात होता. हरिपाळदेवांनी वाटेत एकेकास परत धाडले आणि ऋद्धिपुरी ते एकटे पोचले. तेथे श्रीगोविंदप्रभूंचा प्रसाद लाभला. नंतर सालबर्डीच्या डोंगरात १२ वर्षे एकांतवास घडला. पुढे वरंगळ येथे हंसांबेशी विवाह होऊन गृहस्थपण पुन्हा समोर आले. तेही त्यांनी सोडले. वैभवाचा त्याग एकदाच करून भागत नाही, हे या दुसऱ्या प्रसंगाचे मर्म होय.

पुढे पैठणास आल्यावर शिष्यपरिवार जमला. त्या शिष्यांना त्यांनी संग्रह न करण्याचा आणि घरोघरच्या भिक्षेवर राहण्याचा आचार घालून दिला. वारसदार एकाच घराचा बांधील असतो. अनेक दारांची भिक्षा घेणारा कोणत्याही एका घराचा बांधील राहत नाही. हा विधी सांगणारे प्रधानाच्या घरातून आले होते, म्हणून त्याला अनुभवाचे बळ आहे. साधकाने आपल्याला काय मिळाले याची मोजदाद करण्याआधी, त्यातील काय आपल्याला धरून ठेवते आहे, हे पाहावे.