चार्ल्स केटरिंग : गाडीला ‘सेल्फ’ देणारा मास्तर

गाडी चालू होत नसली की मेकॅनिक आधी ‘सेल्फ’ मारायला सांगतो. हा ‘सेल्फ’ म्हणजे सेल्फ-स्टार्टर. तो मोटारीत रुळवणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांची आज ओळख करून घेऊ.

बालपण व शिक्षण

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. नजर लहानपणापासून अधू. वाचायला बसलं की डोकं दुखायचं. तरी शाळा पूर्ण करून ते खेड्यातल्या शाळेत मास्तर झाले. संध्याकाळी मुलांना वीज, चुंबक आणि उष्णतेचे प्रयोग करून दाखवायचे.

पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात गेले, पण डोळ्यांनी पुन्हा दगा दिला. शिक्षण अर्धवट सोडून टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत मुकादमाची नोकरी धरली. सुरुवातीला फार निराश झाले. पण तिथेच विजेचं काम हातात बसलं. डोळे सुधारल्यावर ते परत कॉलेजात गेले आणि १९०४ साली इंजिनिअर झाले. तेव्हा त्यांचं वय २७ होतं.

गल्ल्याच्या यंत्रातली युक्ती

डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांना काम मिळालं. दुकानातलं हिशेबाचं यंत्र हाताने फिरवावं लागे. केटरिंग यांनी त्याला विजेची छोटी मोटर बसवली. त्यात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मोटर क्षणभरच चालणार असेल, तर तिच्यावर ताकदीपेक्षा जास्त भार टाकला तरी ती जळत नाही, कारण तापायला वेळच मिळत नाही.

हँडलचा फटका

त्या काळी मोटारीला समोरून लोखंडी हँडल मारावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांचे मित्र बायरन कार्टर अशाच फटक्यानंतर दगावले, असं सांगतात. यावर उपाय शोधायचं काम केटरिंग यांच्याकडे आलं. १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासोबत त्यांनी ‘डेल्को’ कंपनी काढली होती. कामाची जागा म्हणजे डीड्स यांच्या घरामागची कोठी.

जाणकार म्हणत, इंजिन फिरवणारी मोटर गाडीत मावणारच नाही. केटरिंग यांना मात्र गल्ल्याचं यंत्र आठवलं. इंजिनही काही क्षणच फिरवायचं होतं!

खरी गंमत पुढे आहे. मोटर बॅटरीवर चालणार, मग बॅटरी कोण भरणार? केटरिंग यांनी तेच यंत्र दोन कामांना लावलं. आधी ते इंजिनाला फिरवी. इंजिन सुरू झालं की इंजिन त्याला फिरवी आणि ते वीज तयार करून बॅटरी भरी. त्याच विजेवर दिवे आणि ठिणगी. ही सगळी साखळी १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आली.

जुनी पिकअप, नवा अल्टरनेटर

पुढे चार्जिंगसाठी वेगळा डायनॅमो आला. त्याची अडचण सायकलच्या डायनॅमोसारखीच. वेग कमी झाला की दिवा मंद. म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकन गाड्यांत अल्टरनेटर आला. तो इंजिन सावकाश चालतानाही बऱ्यापैकी वीज देतो.

आजही तिकडे जुनी शेव्हरोले पिकअप जपणारे हौशी लोक आहेत. जुना अल्टरनेटर काढून ते बहुधा डेल्को-रेमीचा ‘१०एसआय’ बसवतात, कारण त्याचा रेग्युलेटर आतच असतो. नावातला ‘डेल्को’ म्हणजे केटरिंग यांचीच कंपनी. पण नुसता अल्टरनेटर बदलून भागत नाही. करंट वाढला की जुनी बारीक वायर तापते, जळूही शकते. म्हणून वायर जाड घ्यावी लागते, फ्यूज आणि पट्ट्याचा ताण बघावा लागतो. एक कडी बदलली की पुढची तपासायची!

दुसरी बाजू

१९२० ते १९४७ केटरिंग जनरल मोटर्सचे संशोधन प्रमुख होते. त्यांच्या हाताखालच्या थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शोधलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घातलं तर इंजिन ठोके देत नाही. केटरिंग यांनी ते उचलून धरलं. १९२४ मध्ये हे संयुग बनवताना न्यू जर्सीत कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी विक्री काही काळच थांबली. मग अनेक दशकं शिसं धुरातून लहान मुलांच्या शरीरात जात राहिलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं.

आल्फ्रेड स्लोन यांच्यासोबत त्यांनी १९४५ मध्ये न्यूयॉर्कला कर्करोग संशोधन संस्था उभी केली, हेही तितकंच खरं. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी ते वारले.

मुलांनो, वायरीतली साखळी शेवटपर्यंत पाहणाऱ्या माणसाने सायलेन्सरबाहेरची साखळी पाहिली नाही. म्हणून केटरिंग यांचं कौतुक जरूर करा, पण ही चूकही वहीत लिहून ठेवा.