आयबीएमच्या माणसानं डेटाबेस बदलला, पण पहिला फायदा ओरॅकलनं उचलला

काळ्या स्क्रीनवर SELECT टाइप केलं, एंटर दाबलं की डेटाबेस सर्व्हर हवी ती माहिती समोर मांडतो. यात आज कुणालाच नवल वाटत नाही. पण या सोयीमागे एका माणसाचा मोठा संघर्ष आहे. त्याचं नाव एडगर कॉड.

जन्म १९२३ चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावरचा. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात वैमानिक होते. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला आयबीएममध्ये लागले. पुढं सिनेटर मॅकार्थींनी कम्युनिस्टविरोधी मोहीम उघडली, तेव्हा वैतागून १९५३ मध्ये थेट कॅनडात निघून गेले. काही वर्षांनी परतले आणि १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठातून पीएचडी घेतली.

नेमकी अडचण काय होती?

त्या काळी डेटा झाडाच्या फांद्यांसारखा साठवायचे. एखादी नोंद हवी असेल, तर कोणत्या फांदीवरून कुठं जायचं हे प्रोग्रॅमरलाच लिहावं लागायचं. साठवणीची रचना बदलली की प्रोग्रॅमही बदला!

१९७० मध्ये कॉड यांनी एक शोधनिबंध लिहून वेगळा मार्ग सुचवला. डेटा साध्या तक्त्यांत ठेवा. काय हवंय ते माणसानं सांगावं, ते कसं शोधायचं हे मशीन बघेल. हेच रिलेशनल मॉडेल.

पण आयबीएमची आयएमएस ही जुनी पद्धतीची सिस्टीम तेव्हा जोरात चालत होती. तिला धक्का लावायची कंपनीला घाई नव्हती. सिस्टीम आर नावाचा प्रयोग सुरू झाला, त्यातून एसक्यूएल भाषा आली. तीही कॉड यांच्या मॉडेलला पूर्ण धरून नव्हती, म्हणून ते नाराजच राहिले.

इकडं लॅरी एलिसन यांनी आयबीएमचे हे छापील निबंध वाचले आणि १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलं. आयबीएमचं पहिलं एसक्यूएल उत्पादन आलं १९८१ मध्ये. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

बारा नियम, मोजले तर तेरा

नुसतं रिलेशनल हे लेबल लावून काहीही विकलं जाऊ लागलं, तेव्हा १९८५ मध्ये कॉड यांनी बारा नियम जाहीर केले. मोजणी शून्यापासून, त्यामुळे नियम भरतात तेरा! त्यातले दोन सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या रोजच्या कामाचे. पहिला, डेटाबेसची स्वतःची माहितीही तक्त्यांतच असावी आणि त्याच भाषेत विचारता यावी. म्हणूनच कमांड लाइनवरून कोणते तक्ते आहेत, कुणाला कोणते अधिकार आहेत, हे साध्या क्वेरीनं कळतं. दुसरा, आतली साठवण बदलली तरी वरचे प्रोग्रॅम बिघडू नयेत. रात्री नवीन इंडेक्स टाकला, तरी सकाळी बँकेचं ॲप पुन्हा लिहावं लागत नाही, ते यामुळेच.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात कॉड गेले. तेव्हा जगातल्या बँका, विमान कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या त्यांच्याच तक्त्यांवर चालत होत्या.